चेसिसवरचं मीठ

बाबा, कावळा लगेच आला.

तुम्हाला खरं वाटणार नाही, कारण तुम्ही स्वतः आयुष्यात कुठेच लगेच गेला नाहीत. कुणाच्या हळदीला जायचं असलं की आई नवी साडी नेसून ओट्यावर येऊन बसायच्या आणि तुम्ही तेव्हा कुठे गाडीखालून पाय बाहेर काढायचात. पण दहाव्याला गाढी नदीच्या काठावर भटजींनी पिंड मांडले आणि आम्ही नीट मागे सरकायच्या आत एक कावळा उतरला, इकडेतिकडे न बघता सरळ पिंडाला चोच लावून मोकळा झाला. सगळे हुश्श म्हणाले. तुमच्या बहिणीनं डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, "बगा, कसलीच इच्छा ऱ्हायली नाय माज्या भावाची. सुटला." सगळ्यांना बरं वाटलं. मला राग आला.

राग येण्याचं कारण तुम्हालाच सांगते. मी तयारी करून आले होते. कावळा येत नाही तेव्हा काय होतं ते मला ठाऊक आहे. लोक उन्हात ताटकळतात, मग एकेक जण पुढे होऊन हात जोडतो आणि गेलेल्या माणसाला शब्द देतो. आईला सांभाळू, भावाभावांत भांडणार नाही, धाकटीचं लग्न थाटात करू. मी मनात ठरवलं होतं की दोन-तीन जणांचं झालं की आपण पुढे व्हायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, "बाबा, पांढरी गाडी भंगारात देणार नाही." सगळ्या भावकीसमोर, तुमच्या नावानं दिलेला शब्द. मग प्रशांतची काय टाप होती तो मोडायची? तुमचाच मुलगा आहे, चार माणसांत खाली मान घालून 'हो' म्हणाला असता.

त्या कावळ्यानं माझी संधी खाल्ली. आणि तुमचंही मला लागलं, बाबा. काहीच अडलं नव्हतं तुमचं इथे? आपलं भांडणसुद्धा नाही?

घरी परत येताना गाडीत मी एक शब्द बोलले नाही. सगळ्यांना वाटलं, सुनेला फार दुःख झालंय. खरं सांगायचं तर मला दुःखही नीट होत नाहीये. तुम्हाला नेलं त्या दिवशीही तेच. लोक रडत होते, आई ओट्यावर कोसळल्या होत्या आणि मला फक्त शववाहिनीचा पट्टा कुईकुई करताना ऐकू येत होता. फॅनबेल्ट सैल आहे, एवढंच डोक्यात. ड्रायव्हरला सांगायला हवं, असं वाटलं. मग वाटलं, बाबांना सांगू, ते सांगतील. मग तिथे बघितलं आणि तुम्ही आत झोपला होतात. तेव्हासुद्धा काही झालं नाही मला. मी पिशवीतला हार काढून दिला.

आता सगळे माझं कौतुक करतात. आपल्या गावात, विचुंब्यात, कुणीही भेटायला आलं की आधी आईंचे हात धरतं आणि मग माझ्याकडे वळून म्हणतं, सून असावी तर अशी, म्हाताऱ्याची हौस शेवटपर्यंत सांभाळली. परवा समोरच्या काकू म्हणाल्या, "आजकालच्या पोरी सासऱ्याला चहा देत नाहीत, तू त्यांच्याबरोबर ग्रीसमध्ये हात घातलेस." मी नुसती हसले. हेच वाक्य मी लग्न झाल्यापासून ऐकते आहे आणि तेव्हापासून हसतेच आहे. तुम्हीही हसायचात, पण तुमचं हसणं निराळं होतं. तुम्हाला माहीत होतं की मी कुणाची हौस सांभाळत नव्हते. गाड्या मलाही हव्या होत्या.

सुरुवात आठवते? मी या घरात नवीन होते. पनवेलच्या बाजारपेठेत वाढलेली मुलगी, न्हावा शेव्याला कंटेनर यार्डाच्या ऑफिसात नोकरी करणारी, आणि गावातल्या घरात कुणाशी किती बोलायचं याचा अंदाज न येणारी. सासऱ्यांशी तर बोलायचंच काय? तुम्ही अंगणात शेवग्याखाली कुठलीशी जुनी पिकअप उभी करून दिवसभर तिच्या पोटात शिरलेले असायचात. मिठागरं जाऊन जमाना झाला होता, जमिनी गेल्या होत्या, घर भाड्यावर चालत होतं आणि तुम्हाला हात स्वस्थ ठेवता येत नव्हते. गावात कुणी पत्ते घेऊन बसलं, कुणी राजकारण, तुम्ही कुणाला नको असलेल्या पिकअप घेऊन यायचात. भाजीवाल्याची, विटांची, मंडपवाल्याची. त्या धावत्या करायच्या आणि कुणा गरजवंताला मिळाल्या भावात देऊन टाकायच्या. प्रशांत म्हणायचा, "धंदा म्हणून केलं असतं तर समजलं असतं." तुम्ही म्हणायचात, "धंदा केला असता त मना कंटाला आला असता."

त्या दिवशी मी चहा घेऊन आले आणि गाडीखालून तुमचा आवाज आला, "कोन हाय? वर चढ आन ब्रेक मार." तुम्हाला वाटलं प्रशांत असेल. मी कप बॉनेटवर ठेवला, साडी आवरली आणि ड्रायव्हरच्या सीटवर चढले. ब्रेकच्या नळीतली हवा काढायची होती. त्याला दोन माणसं लागतात, एक वर पायाशी आणि एक खाली चाकाशी. खालचा म्हणतो मार, वरच्यानं पायानं ब्रेक मारायचा. खालचा म्हणतो धर, वरच्यानं तो तसाच दाबून धरायचा, खालचा चाकाजवळचा निपल ढिला करतो, ऑइलबरोबर हवा फुसफुसत बाहेर येते, तो परत आवळतो आणि म्हणतो सोड. चारही चाकं होईपर्यंत तुम्हाला कळलं नाही वर कोण आहे ते. कळलं तेव्हा म्हणालात, "मंग बोललीस का नाय?" मी म्हणाले, "तुम्ही विचारलंत कुठे?"

त्यानंतर आपण जे काही बोललो ते सगळं असंच बोललो. मी वर, तुम्ही खाली. तोंड दिसत नव्हतं म्हणून बोलता आलं असेल. माझ्या ऑफिसातल्या साहेबाच्या तक्रारी मी स्टिअरिंगला सांगितल्या आणि उत्तरं पायाखालून आली. मूल होत नव्हतं त्या दिवसांत घरातली प्रत्येक बाई मला काही ना काही सुचवत होती, तेव्हा तुम्ही एकदाच खालून म्हणालात, "कुनी काय बोलला त मना सांग. आमी बगतो." एवढंच. आणि लगेच, "मार." मी ब्रेक मारला. रडतारडता ब्रेक मारता येतो हे मला त्या दिवशी कळलं. आता रडू येत नाही, नुसतं धरून ठेवल्यासारखं वाटतं. तुम्ही धर म्हणालात आणि सोड म्हणायचं राहिलं.

पण मला तुमच्या जिभेबद्दल लिहायचं आहे. दुसऱ्या कुणी लिहिलं तर ते तुमच्या हातांबद्दल लिहितील. तुमचं खरं हत्यार जीभ होती.

जुनी पिकअप घ्यायला गेलं की लोक इंजिन बघतात, टायर बघतात, धूर बघतात. तुम्ही पहिल्यांदा गाडीखाली वाकायचात, चेसिसच्या पोकळीत बोट घालायचात, बोट आतून लांबवर फिरवायचात आणि बाहेर काढून चाटायचात. विकणारा माणूस डोळे फाडून बघत राहायचा. उरण-करंजाकडच्या गाड्या मासळी वाहतात, बर्फाचं खारट पाणी हौद्यातून गळत राहतं आणि चेसिस आतून खात जातं. वरून रंग मारला, खालून काळं डांबर फासलं तरी आतलं मीठ जात नाही. तुम्ही मिठागरात जन्मलेले, मिठागरात वाढलेले. मीठ कुठलं, किती जुनं, ते तुम्हाला जिभेवर कळायचं. एकदा एका माणसानं शपथेवर सांगितलं की गाडीनं पालेभाजीशिवाय काही वाहिलं नाही. तुम्ही चाटलंत, थुंकलात आणि म्हणालात, "भाजी काय दर्यात पिकते का तुमची?" तो माणूस हसत हसत कबूल झाला. परत येताना तुम्ही इतके खूश होतात की जेएनपीटी रोडवरच्या ट्रकांच्या रांगेत अडकूनसुद्धा एकदाही शिवी दिली नाहीत.

आई मात्र चिडायच्या. "कुत्र्यावानी काय ता चाटताव! लोकं हसतान!" तुम्ही म्हणायचात, "तुजा बाप पन मिठागरवालाच ना? चाटून बग, तुला पन कलल." त्या पदर तोंडाला लावून आत जायच्या.

मलाही शिकवलंत. पहिल्यांदा मला फक्त ग्रीस आणि गंज लागला, पुढे दोन दिवस तोंडाला तीच चव होती. "जिभंच्या टोकाला नाय, बाजूला लाव," म्हणालात. हळूहळू कळायला लागलं. ऑफिसातल्या कुणाला सांगितलं नाही मी हे कधी. संध्याकाळी घरी येऊन ट्रकच्या चेसिसला जीभ लावते, हे कुठल्या तोंडानं सांगणार?

आणि मग ती पांढरी गाडी आली.

उलव्याच्या पलीकडून कुठूनतरी आणलीत. विमानतळाच्या कामावर खडी वाहिली म्हणे, मालकाला नवीन घ्यायची होती म्हणून गेली स्वस्तात. मी संध्याकाळी घरी आले तेव्हा ती शेवग्याखाली उभी होती आणि तुम्ही लहान मुलासारखे तिच्याभोवती फिरत होतात. मी पर्स खांद्याला असतानाच वाकले, बोट फिरवलं, चाटलं. खारट. थोडंथोडकं नाही, जीभ आत ओढली जावी इतकं.

"बाबा, मीठ आहे."

"नाय."

"अहो आहे. चाटून बघा."

"आमी काय न चाटता आनली? मीठ नाय."

"आहे!"

"तू मना मीठ शिकवतस? मिठागरात जलम गेला माजा!"

काय भांडलो आपण त्यावर! प्रशांत फाटकातून आत आला आणि बघतच राहिला, बायको आणि बाप एका गाडीच्या दोन बाजूंना उभे राहून मीठ आहे, मीठ नाही म्हणून ओरडतायत. मी त्यालाही ओढलं. "हिचं चेसिस मिठानं खाल्लंय, लिहून ठेव," असं मी त्याला सांगितलं, तुमच्या तोंडावर. ते वाक्य लक्षात ठेवा, पुढे येणार आहे. मग रोजचा खेळच झाला. मी फाटक उघडलं की तुम्ही विचारायचात, "काय गो, मीठ हाय का?" मी म्हणायची, "आहे." तुम्ही म्हणायचात, "नाय." आणि मी चहा टाकायला आत जायची. मला मजा यायची. मला वाटायचं, तुम्हालाही येते आहे.

मग तो रविवार. आईंनी कोलंबीचं कालवण केलं होतं. पहिला घास घेतला आणि प्रशांतनं तोंड वाकडं केलं. कालवणात मीठच नव्हतं. आई विसरल्या होत्या. मी मिठाची बरणी घ्यायला उठले तर आईंनी मला हातानं थांबवलं. त्या तुमच्याकडे बघत होत्या. तुम्ही भुरके मारत जेवत होतात. भात संपला, परत मागितलात, वर म्हणालात, "आज झकास झालाय."

तुमच्या आजाराची औषधं सुरू होऊन बरेच दिवस झाले होते. तोंडाची चव जाईल असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण आम्ही ते ऐकून विसरलो होतो. तुम्ही विसरला नव्हतात. तुम्ही लपवत होतात. आईंनी त्या दिवशी प्रशांतच्या ताटात हळूच मीठ वाढलं, माझ्या ताटात वाढलं आणि स्वतः तसंच जेवल्या.

दुपारी तुम्ही गाडीखाली होतात. मी बाहेर आले. पायांवरूनच ओळखलंत मला. "काय गो, मीठ हाय का अजून?"

मी म्हणाले, "नाही बाबा. माझंच चुकलं. मीठ नाहीये."

पाना खाली ठेवल्याचा आवाज झाला. तुम्ही सावकाश बाहेर आलात, टेकून उभे राहिलात आणि माझ्याकडे बघितलंत. आपण एकमेकांच्या तोंडाकडे बघून फारसं बोललो नव्हतो कधी, म्हणून ते बघणं मला सहन झालं नाही.

"तू कवापासून हरायला लागलीस?" म्हणालात.

आणि हात धुवायला आत गेलात. त्यानंतर तुम्ही मला मिठाचं कधी विचारलं नाही. पांढऱ्या गाडीचं कामही मग रेंगाळलं, मग तुम्ही रेंगाळलात, मग झोपलात. बाकीचं सगळ्यांना माहीत आहे.

मी त्याबद्दल माफी मागत नाहीये. परत तीच वेळ आली तर मी परत तेच म्हणेन, दुसरं काय म्हणणार? पण एक विचारायचं राहिलं. तुम्हाला चव लागत नव्हती हे तुम्हाला ठाऊक होतं, मग ठामपणे नाही कसं म्हणालात? दुसऱ्या कुणाला नाही, मला? मला ते लागून राहिलं होतं. मला वाटायचं, तुम्ही माझ्याशी खोटं बोललात आणि मग मी तुमच्याशी खोटं बोलले. इतकी वर्षं वर-खाली बसून आपण एकमेकांना खरं तेच सांगत आलो होतो, ते शेवटी बिघडलं.

तेराव्यानंतरच्या रविवारी प्रशांतनं भंगारवाल्याला बोलावलं. त्याला दोष देऊ नका. अंगण मोकळं करून भाडेकरूंच्या गाड्यांना जागा करायची आहे, हे तो तुमच्यासमोरही बोलला होता. आणि खरं कारण वेगळंच आहे. सकाळी दार उघडलं की त्याला ती गाडी दिसते आणि गाडीखाली पाय दिसत नाहीत. तो मला हे बोलला नाही. मी त्याला चहाचा कप हातात घेऊन दाराच्या आतच उभा राहिलेला बघितलं आहे.

कळंबोलीहून भंगारवाला आला, गाडी ओढून न्यायला साखळी घेऊन. त्यानं चाकांना लाथ मारून बघितली आणि विचारलं, "गाडी किसकी है? चाबी कोण देणार?"

"वडलांची होती," प्रशांत म्हणाला. "चावी हिच्याकडे आहे."

चावी माझ्या मुठीत होती. मी म्हणाले, "मला ठेवायची आहे ती."

प्रशांत जवळ आला. हळू आवाजात, समजुतीनं म्हणाला, "बाबांची आठवण पाहिजे ना? त्यांचा पाना ठेव. फोटोखाली ठेवू. ही एवढी मोठी गाडी कुठे सांभाळणार?"

"आठवण म्हणून नाही."

"मग?"

"मला आवडतं म्हणून. गाड्या दुरुस्त करायला मला आवडतं. बाबांसाठी नव्हते करत मी."

बाबा, हे वाक्य मी या घरात पहिल्यांदा बोलले. किती साधं आहे. पण प्रशांत असा बघायला लागला, जणू मी काहीतरी वाईट कबूल केलंय. कावळा जरा थांबला असता तर हे बोलायची वेळ माझ्यावर आली नसती, तुमच्या नावावर भागलं असतं. तुम्हाला ते ठाऊक होतं की काय कोण जाणे.

प्रशांतनं भंगारवाल्याकडे बघितलं. मग म्हणाला, आणि तो चुकीचं काहीच म्हणाला नाही, "बरं. पण तूच मला सांगितलं होतंस ना, हिचं चेसिस मिठानं खाल्लंय? लिहून ठेव म्हणालीस. उद्या रस्त्यावर मोडली तर? तू सांग, मीठ आहे का नाही? नसेल तर ठेव. असेल तर जाऊ दे."

भंगारवाला साखळी हातात घेऊन थांबला. मी वाकले. पोकळीत बोट घातलं, आतून फिरवलं आणि जिभेला लावलं, टोकाला नाही, बाजूला, तुम्ही सांगितलं तसं.

काहीच लागलं नाही.

परत घातलं, परत चाटलं. मीठ नाही, गंज नाही, ग्रीससुद्धा नाही. कुणीतरी जिभेवर कागद ठेवल्यासारखं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की तुम्हाला नेलं त्या दिवसापासून मी जे काही खाल्लं त्यातलं काहीच मला लागलेलं नाही. तेराव्याच्या जेवणात काय होतं ते मला सांगता येणार नाही. मी वाढत होते, जेवत होते, ताट धुवून ठेवत होते.

मी खरं तेच सांगितलं. "मला मीठ लागत नाहीये."

आणि बोलताबोलता मला तुम्ही कळलात. तुम्ही खोटं बोलला नव्हतात. तुम्ही बोट फिरवलंत, चाटलंत, तुम्हाला काही लागलं नाही आणि तुम्ही नाय म्हणालात. तुमच्या तोंडात खरंच मीठ नव्हतं. मग त्या नाहीला धरून राहिलात, कारण ते सोडलं असतं तर जीभ गेली हे मान्य करावं लागलं असतं. मी इतके दिवस तुमच्यावर उगाच रुसले होते.

प्रशांतला माझा चेहरा बघून काहीतरी चुकल्यासारखं वाटलं असावं. तो म्हणाला, "खरं सांगतेयस ना?"

मी काही म्हणायच्या आत दार वाजलं. आई बाहेर आल्या. तुम्ही गेल्यापासून त्यांनी अंगणात पाऊल ठेवलं नव्हतं. उन्हानं डोळे बारीक झाले होते. त्या सरळ गाडीकडे आल्या, गुडघ्यांवर हात टेकून खाली बसल्या, कण्हल्या, आणि चेसिसच्या पोकळीत हात घातला, पार कोपरापर्यंत. मग बोट काढून चाटलं.

आईंनी, बाबा. कुत्र्यावानी काय चाटताव म्हणणाऱ्या आईंनी.

"मीठ हाय," त्या म्हणाल्या.

"बघ," प्रशांत म्हणाला. आवाजात जिंकल्याची खूण नव्हती, थकवाच होता.

"काय बग?" आई त्याच्यावर उखडल्या. "मीठ हाय त हाय! अवेळी एक पाऊस आला का आमचा आख्खा मिठागर इरघलून जायाचा. आख्खा मिठागर! आन ह्या गारीचा मीठ केवढा? पानी लावा आन धुवा. त्याला सांग जायाला."

"आई, पण गंज—"

"गंजाचा काय? तुजी बायको बगल. तिला येतं."

तिला येतं. एवढं बोलून त्या उठायला लागल्या आणि उठता येईना, तेव्हा भंगारवाल्यानंच साखळी खाली टाकून त्यांना हात दिला. मग तो गेला. प्रशांत आत गेला आणि मला वाटलं रागावला, पण तो मागच्या नळाला पाइप जोडून तो ओढत घेऊन आला. अंगणात पाणी सोडलं आणि बाजूला जाऊन उभा राहिला. गाडीखाली बघितलं त्यानं. बऱ्याच वेळानं आत गेला.

धुतल्यानं गंज जात नाही हे मला कळतं. पुढे खाणं थांबतं एवढंच. हातोडीनं ठोकून बघितलं मी. बहुतेक ठिकाणी खणखणीत वाजतं, मागच्या डाव्या स्प्रिंगच्या पाट्यापाशी मात्र बद्द आवाज येतो. तेवढा तुकडा कापून नवीन घालावा लागेल. तुम्ही तिथेच काम सोडलं होतंत, तुमच्या खडूची रेघ आहे तिथे. तुम्ही कापायची जागा आधीच आखून ठेवली होती. म्हणजे बघितलं होतंत तुम्ही. जिभेला नाही, हाताला तरी कळलं होतं.

आई ड्रायव्हरच्या सीटवर चढून बसल्या होत्या. मी म्हटलं, आत जा, ऊन आहे, तर म्हणाल्या, हितच बरा वाटता. मी गाडीखाली गेले. तुमच्या जागेवर, पाठीवर. इतक्या वर्षांत मी कधी खाली झोपले नव्हते, मी नेहमी वर असायचे. खालून गाडी फार मोठी दिसते हो. तुमचं पोतं अजून तिथेच होतं, ते मी मानेखाली घेतलं. पाइप आत घालून पाणी सोडलं आणि चेसिसच्या भोकांतून तांबडं पाणी माझ्या हातावरून, मानेवरून वाहायला लागलं. पुष्कळ वेळ वाहिलं. मग हळूहळू निवळत गेलं.

पाइप बंद केला. खडूच्या रेघेजवळ, जिथे पाणी पोचलं नव्हतं तिथे मी बोट आत सरकवलं. काही ठरवून नाही, सवयीनं. जिभेच्या बाजूला लावलं.

आणि लागलं.

आधी गंज लागला, मग त्याच्या मागून ते आलं. जीभ आत ओढली गेली, गालांना आतून चुरचुरलं, डोळ्यांत पाणी आलं. खारट. तसंच, पहिल्या दिवशी होतं तसंच. मी परत चाटलं. मी बरोबर होते, बाबा! पहिल्या दिवसापासून मीच बरोबर होते आणि मी हरले म्हणाले होते.

"मीठ आहे!" मी गाडीखालून ओरडले. "आहे! मीठ आहे! मी सांगत होते, मीठ आहे!"

वरून आईंचा आवाज आला, "आयकला गो बाय. कितीदा सांगशील?"

मी त्यांना सांगत नव्हते, बाबा.